अल्सीदच्या हाताला गुण

यूलिस फॉलगूने शिकारीची होडी घेतली ती बायूवरच्या, म्हणजे आमच्या दलदलीतल्या संथ खाडीवरच्या, प्रत्येकाला सांगून घेतली, ही त्याची पहिली चूक. गुपचूप घेतली असती तर तिचं इंजिन बंद पडल्यावर हसायला निदान माणसं तरी कमी जमली असती.

होडी मात्र झकास होती. सपाट बुडाची, ॲल्युमिनियमची, आणि मागे चिखलातून चालणारं इंजिन. साधं इंजिन गाळात शिरलं की मान टाकतं, हे गाळ कापत पुढे जातं. विकणारा म्हणाला होता की ओल्या गवतावरसुद्धा चालेल. यूलिसला गवतावर जायचं नव्हतं. त्याला एमेली आत्याच्या तळ्यावर जायचं होतं, हंगामाच्या पहिल्या सकाळी, आणि तेही अल्सीदला पुढे बसवून.

अल्सीद त्याचा थोरला भाऊ. यूलिस जन्मला तेव्हा अल्सीद बापाबरोबर कोळंबीच्या बोटीवर कामाला जात होता. शेंडेफळाच्या बाप्तिस्म्याला धर्मबाप म्हणून थोरल्यालाच उभं केलं, तेव्हापासून यूलिस त्याला पारँ म्हणतो, आमच्याकडे धर्मबापाला म्हणतात तसं. बंदूक धरायला, वारा ओळखायला, बदकांना तोंडाने साद घालायला पारँनेच शिकवलं. तळ्यावरची लपण, म्हणजे शिकाऱ्याने दडून बसायची खांबांवरची खोपी, त्यांच्या बापाने बांधलेली होती, आणि बाप गेल्यावर हे दोघे दर हंगामाची पहिली सकाळ तिच्यातच काढत. मग एका वादळाने कालवा गाळाने भरला आणि तळ्याची वाट बंद झाली. त्याच सुमारास अल्सीदचा गुडघा गेला, मग हृदयाचं निघालं. तेव्हापासून हंगाम सुरू झाला की म्हातारा घराच्या पायरीवर बसून वरून जाणारे थवे बघायचा आणि कुणाशी बोलायचा नाही. यूलिसला ते बघवत नसे. त्या पायरीसाठीच त्याने होडी घेतली होती.

"पारँ, पहिल्या दिवशी तू पुढे बसायचंस," तो होडी दारात आली त्याच दिवशी म्हणाला.

"मी? ओझंच न्यायचं तर थव्याला भुलवायची लाकडी बदकं जास्त घे. ती तरंगतात तरी."

"बंदूक मी भरीन. लपणीत मी चढवीन. तू नुसतं बसायचं."

"आणि लघवीला मी जायचं की तेही तूच जाशील?" अल्सीद म्हणाला. "जा बाबा तुझा तू. मला नको."

असा विषय संपला. पण नवी होडी दारात उभी असताना म्हातारा घरात थोडाच बसतोय! दुसऱ्या दिवशी काठी टेकत आला, ओकच्या सावलीत खुर्ची मांडून बसला आणि हुकूम सोडू लागला. चकचकीत वस्तू बदकाला कोसावरून दिसते, हा त्याचा जन्माचा धडा. शिकारीला जाताना तो लग्नाच्या अंगठीलासुद्धा चिखल फासायचा. तेव्हा सगळी होडी मातकट रंगाने माखायची ठरली. यूलिसने कुंचला घेऊन बाहेरून रंगवली, आतून रंगवली, कड्या रंगवल्या, खिळे रंगवले.

होडीबरोबर आलेल्या प्लॅस्टिकच्या टाकीकडे बघून अल्सीदने नाक मुरडलं. "ही पेट्रोलची आहे की दुधाची?" म्हणाला, आणि आपल्या जुन्या होडीतली लोखंडी टाकी आणून दिली. तिचं झाकण पितळी होतं, हाताळून हाताळून सोन्यासारखं झालेलं.

"एवढं मी रंगवतो," तो म्हणाला. "बसल्या बसल्या तेवढं होईल माझ्याच्यानं."

जीभ दातांत धरून त्याने त्या झाकणाला तीन हात दिले. टाकी बसवली पुढच्या टोकाला, मागच्या जड इंजिनाला तोल म्हणून.

पहिल्या फेरीला धक्क्यावर जत्रा जमली. धक्का क्लेबेरचा. तोच तिथे पेट्रोल विकतो, गळाला लावायचं आमिष विकतो, इंजिनं दुरुस्त करतो आणि उरलेल्या वेळात लोकांची टिंगल करतो. यूलिसने कानांवर ते आवाज अडवणारे कप चढवले, दोरी ओढली, इंजिन असं काही गरजलं की बगळे उडाले. होडी वळणावरच्या वाकड्या सरूच्या झाडापर्यंत वाऱ्यासारखी गेली. तिथे इंजिन खोकलं, परत खोकलं, आणि गप्प झालं.

यूलिसने प्लग काढून पुसला, नळी हलवली, शिव्या दिल्या. बऱ्याच वेळाने सुरू झालं, थोडं चाललं, पुन्हा बंद. शेवटी तो बांबूने ढकलत परत आला.

"काय रे," क्लेबेर म्हणाला, "एवढ्या पैशात वल्ही किती आली असती! आणि सगळी चालली असती."

तरी त्याने इंजिन उतरवून घेतलं. नवा प्लग घातला, फिल्टर बदलला, कार्ब्युरेटर उघडून धुतला, आपला पेट्रोलचा डबा जोडून दुकानामागे दुपारभर चालवून पाहिलं. एकदाही बंद पडलं नाही. "इंजिनाला काही झालेलं नाही," तो म्हणाला, "आता चालवणाऱ्याला उघडून बघतो."

दुसऱ्या दिवशी ते पुन्हा बंद पडलं, या वेळी धक्क्याच्या तोंडाशीच, सगळ्यांच्या देखत.  हंगाम आठवड्यावर आला होता. एवढ्यात काठी टेकत अल्सीद आला आणि न विचारता होडीच्या टोकावर बसला.

"पेट्रोल आहे का?"

"काठोकाठ आहे."

"बघितलंस?"

"मीच भरलं ना पारँ!"

"बघायला काय जातं?" म्हणून त्याने झाकण फिरवून उघडलं, आत डोकावला, झाकण लावलं, त्याच्यावर हात ठेवला आणि डोळे मिटून मरियामातेची प्रार्थना म्हटली, फ्रेंचमध्ये, ओठांतल्या ओठांत. मग म्हणाला, "ओढ."

यूलिसने ओढली. पहिल्या झटक्याला इंजिन सुरू!

 मग क्लेबेरने टोपी काढली. "अल्सीदकाका," तो म्हणाला, "माझ्या दुकानातला फ्रीज पण बिघडलाय हो."

त्या आठवड्यात बायूवर दुसरा विषय नव्हता. यूलिस रोज दुपारी होडी काढायचा, अल्सीद टाकीपाशी बसायचा, रोज वाकड्या सरूपाशी किंवा जरा पुढे इंजिन राम म्हणायचं, आणि रोज अल्सीद झाकण उघडून, बघून, लावून, प्रार्थना म्हणून ते जिवंत करायचा. एक दिवस यूलिसने स्वतः प्रार्थना म्हणून पाहिली, हात इंजिनावर ठेवून. इंजिन ढिम्म. उलट हात भाजला. अल्सीदने केलं की लगेच सुरू. म्हाताऱ्याच्या हाताला गुण आहे, असं लोक म्हणू लागले. एकाने गवत कापायचं यंत्र आणलं. ते सुरू झालं नाही, पण अल्सीद म्हणाला, "हे यंत्र मेथडिस्ट असणार, मरियामातेला मानत नाही," आणि सगळ्यांना ते पटलं.

म्हाताऱ्याला तर पालवीच फुटली. रोज दाढी करायला लागला. जुनी शिकारीची टोपी माळ्यावरून खाली आली. आणि एके संध्याकाळी, कुणी काही विचारलं नसताना, तो गरजला, "ते इंजिन तळ्यापर्यंत तीनदा तरी बंद पडणार. तुझ्या एकट्याचं काम नाही. मला यावंच लागेल."

यूलिस आनंदाने ओरडायचाच बाकी राहिला. घरी येऊन त्याने बायकोला, ओदीलला, उचलून गिरकी घेतली.

"अगं, येतोय तो! स्वतःच्या तोंडाने म्हणाला!"

"खाली ठेव मला," ओदील म्हणाली, "आणि मला एक सांग. त्याची प्रार्थना मध्येच संपली तर मला दोन प्रेतं आणायला पाठवायचं का चिखलात? त्याचं हृदय कसलं आहे, ठाऊक आहे ना? उद्या मी येणार होडीत."

ती आली. मध्ये बसली, मांडीवर डबा घेऊन. वाकड्या सरूपाशी इंजिन ठरल्यासारखं थांबलं. अल्सीदने झाकण उघडलं, आणि ओदीलने मान वर केली.  म्हातारा आत डोकावला, प्रार्थना झाली, इंजिन सुरू झालं. परत येताना पुन्हा तेच झालं, आणि या वेळी तिने मुद्दाम कान टवकारले.

रात्रीचं जेवण झाल्यावर तिने फळीवरून अंजिराच्या मुरंब्याची बरणी काढली. दर उन्हाळ्यात ती अशा बरण्या उकळून, झाकणं घट्ट बसवून ठेवते.

"ऐक," म्हणाली, आणि झाकण उघडलं. फुस्स!

"मग?" यूलिस म्हणाला.

"टाकीचं झाकण उघडताना हाच आवाज येतो."

"काहीतरीच. मला कधी नाही आला."

"तुझ्या कानांवर ते कप, आणि तू बसतोस इंजिनापाशी. पारँचे कान बंदुकांनी कधीच गेलेत. अरे, बरणीत हवा उरत नाही म्हणून झाकण आत ओढलं जातं. तुझ्या टाकीतलं पेट्रोल जातं, पण त्याच्या जागी हवा कुठे जाते? टाकी गुदमरते आणि पेट्रोल धरून ठेवते. पारँनी झाकण उघडलं की तिला श्वास मिळतो."

यूलिस तसाच उठला आणि टॉर्च घेऊन बाहेर पळाला, मागून ओदील आली. झाकणावर अंगठा फिरवला. मधोमध एक किंचित खळगा लागला. ओदीलने गोधडी शिवायची सुई दिली. त्याने टोचली. रंगाची एक टिकली निघाली आणि खाली पितळेत बारीक, गोल भोक दिसलं.

"तीन हात दिले होते पारँनं," यूलिस म्हणाला. मग दोघं तिथेच गवतात बसून पोट धरून हसली.

दुसऱ्या दिवशी तो एकटाच निघाला. वाकडा सरू आला आणि गेला! कालव्याचं तोंड आलं, गाळ आला, इंजिनाने गाळ उडवला, होडी एमेली आत्याच्या तळ्यात शिरली. लपण वादळात तिरकी झाली होती पण उभी होती. यूलिस उभा राहून ओरडला, हात वर करून, एकटाच, वेड्यासारखा. लपणीला दोन नवे खांब ठोकले आणि परतीच्या वाटेवर पुन्हा ओरडला. हे सगळं कधी एकदा पारँला सांगतो असं त्याला झालं होतं.

अल्सीद पायरीवर होता. शेजारी उंच बूट पुसून ठेवलेले. मांडीवर बंदूक, तिला तेल चाललेलं.

"क्लेबेर सांगत होता," म्हातारा मान वर न करता म्हणाला, "आज तू न थांबता गेलास म्हणे. बरं चालतंय वाटतं इंजिन?"

यूलिसने तोंड उघडलं.

"बरं चालत असेल तर चांगलंच आहे," अल्सीद म्हणाला. तेलाचं फडकं त्याने घडी करून बाजूला ठेवलं. "मग मी कशाला. तू जा तुझा. मी आपला घरी बरा."

 ज्या भोकाने यूलिसला तळं मिळवून दिलं, तेच त्याचा भाऊ हिरावून घेणार होतं.

"बरं कुठलं चालतंय!" तो ओरडला. "क्लेबेरला काय दिसतं तिथून? पलीकडे तीनदा बंद पडलं! बांबूने ढकलत आलो, हात बघ माझे!"

खांब ठोकून हाताला फोड आलेच होते. अल्सीदने ते नीट बघितले, आणि फडकं परत उचललं.

"तुझ्यानं एक काम धड होत नाही," म्हातारा म्हणाला. "पहाटे लवकर ये. मला वाट बघायला लावू नको."

हंगामाच्या पहिल्या दिवशी उत्तरेचा वारा सुटला होता, गार, कापणारा, बदकं घेऊन येणारा. ओदीलने कॉफीचा थर्मास दिला, सॉसेज घातलेले पाव दिले, आणि अल्सीदच्या गळ्याला मफलर गुंडाळता गुंडाळता यूलिसकडे असं बघितलं की तो जे समजायचं ते समजला. अल्सीद वाऱ्याकडे पाठ करून टाकीपाशी बसला, एक हात झाकणावर.

इंजिन सुरू झालं. अंधारात होडी सुटली, उजेड काय तो यूलिसच्या कपाळावरच्या दिव्याचा. वाकडा सरू आला आणि मागे गेला. म्हाताऱ्याने झाकणावर बोटं वाजवली. आणखी एक वळण गेलं. त्याने झाकणाकडे बघितलं, मग यूलिसकडे. त्याचे खांदे हळूहळू खाली येऊ लागले. आता बसल्या जागी तो खरोखरच ओझ्यासारखा दिसायला लागला होता.

पुढे गाळ होता. गाळात एकदा थांबलेली होडी पुन्हा हलवणं म्हणजे देवाचं नाव. थांबायचं तर त्याच्या आधीच थांबायला हवं. कालव्याचं तोंड दिसताच यूलिसने खोकल्याचं सोंग केलं, वाकला आणि इंजिनाचं लाल बटण दाबलं.

सगळं गप्प झालं. दूर कुठेतरी दलदलीत बदकं कुजबुजत होती.

"पारँ!" यूलिस म्हणाला. "मेलं!"

"मरेल नाही तर काय!" अल्सीद ताठ बसला. "पेट्रोल आहे का?"

"भरलंय की."

"बघायला काय जातं?" त्याने झाकण उघडलं. डोकावला. जरा जास्तच वेळ डोकावला. झाकण लावलं, हात ठेवला, डोळे मिटले. प्रार्थना या वेळी लांबली. मग तो गरजला, "ओढ!"

इंजिन पेटलं. "जाऊ दे!" अल्सीद ओरडला, आणि यूलिसने होडी गाळात घातली. चिखलाचा फवारा मागे उडाला, होडी घसरली, उसळली, पुन्हा घसरली, म्हाताऱ्याच्या तोंडावर चिखल, टोपीवर चिखल, आणि तो लहान पोरासारखा किंचाळत होता. तळं आलं तेव्हा दोघांचेही आवाज बसले होते.

लाकडी बदकं पाण्यावर सोडली. यूलिसने त्याला लपणीत चढवलं, आणि या वेळी त्याने हात झिडकारला नाही. उजाडू लागलं. पूर्वेला आधी एक रेघ दिसली, मग ती रेघ हलली, मग कळलं की तो थवा आहे.

"खाली," अल्सीद कुजबुजला आणि तोंडाशी हात नेले.

त्याने साद घातली. किती वर्षांनी! आधी जरा फाटकी निघाली, मग खालच्या सुरात बसली, गप्पा मारत असल्यासारखी. वरून सरळ जाणारा थवा एकदम वळला. एक फेरी घेतली, दुसरी घेतली, पंखांचा आवाज डोक्यावरून गेला, आणि पाय पुढे काढून बदकं उतरायला लागली. यूलिसने दोन पाडली. तिसरं, हिरव्या डोक्याचं, अल्सीदने पाडलं, बंदूक लपणीच्या कठड्यावर टेकवून. मग बंदूक बाजूला ठेवून तो नुसता बसला. त्याच्या गालांवरून पाणी वाहत होतं, आणि त्याने ते पुसलं नाही.

ऊन वर आल्यावर दोघांनी कॉफी ओतली.

"आज झाकणानं हात ओढला नाही," अल्सीद म्हणाला.

"काय?" यूलिसच्या घशात पाव अडकला.

"रोज उघडताना ओढायचं. आज नाही. भोक कुणाला सापडलं? तुला की ओदीलला?"

यूलिसने घास गिळला. "ओदीलला," तो म्हणाला.

"वाटलंच. तुला जन्मात सापडलं नसतं."

"म्हणजे तुला ठाऊक होतं?"

"चाळीस वर्षं माझ्याकडे होती ती टाकी. तिचं नाक कुठे आहे ते मला ठाऊक नसेल?"

"मग बुजवलंस कशाला, पारँ! अख्ख्या बायूनं माझी थट्टा केली! मी तो बांबू... आणि ती प्रार्थना?"

"प्रार्थना खरी होती. मी म्हणायचो, माते, या गाढवाला एवढ्यात भोक सापडू देऊ नको." अल्सीदने कॉफीचा घोट घेतला, आणि त्याचा आवाज उतरला. "तू मला नेणारच होतास रे. उचलून, जपून, घोंगडीत गुंडाळून. तसं नाही यायचं मला. मी या तळ्यावर कधी सामान म्हणून आलो नाही. होडीत बसायचं तर हाताला काम पाहिजे."

यूलिसला रागवायचं होतं. पण त्याला एकदम ती पायरी आठवली, आणि राग काही येईना.

"आणि तू रे?" म्हाताऱ्याने विचारलं. "बटण कशाला दाबलंस?"

"तुला ते..."

"कान गेलेत माझे. डोळे नाही. तुझ्या कपाळावरचा दिवा सरळ तुझ्या हातावर पडला होता."

 मग अल्सीदला आधी हसू फुटलं, मग यूलिसला, आणि ते असे हसले की तळ्याच्या पलीकडे उतरलेला अख्खा थवा उडून गेला. दोघांपैकी एकानेही बंदुकीला हात लावला नाही.

"गाळानं रंग पार खरवडलाय," निघताना अल्सीद होडीवरून हात फिरवत म्हणाला. "पुढच्या वर्षी नवा हात द्यावा लागेल."

"देईन की."

"होडी तू रंगव," अल्सीद टाकीपाशी बसत म्हणाला. "झाकण माझ्याकडे दे."